उशिरा निवडलेला पिचर कसा पारखायचा: मायनर लीग बेसबॉल बघणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

टारिक स्कूबल या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) डेट्रॉइट टायगर्सनं २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ फेरीफेरीनं नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, नवव्या फेरीत घेतलं. त्याच्या आधी दोनशेहून जास्त खेळाडूंची नावं पुकारून झाली होती. २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षं मेजर लीग या सर्वोच्च पातळीच्या दोन विभागांपैकी अमेरिकन लीगचा, सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला. जेकब डिग्रॉमही नवव्या फेरीतलाच, २०१० चा, न्यूयॉर्क मेट्सनं घेतलेला. तो २०१८ आणि २०१९ मध्ये नॅशनल लीगचा साय यंग विजेता ठरला.

ही नावं घेऊन ‘कोणीही मोठा होऊ शकतो’ असं म्हणणं सोपं आहे, पण पारख करायला त्याचा उपयोग नाही. नवव्या, बाराव्या, अठराव्या फेरीत घेतलेले बहुतेक पिचर मेजर लीगपर्यंत पोचत नाहीत. त्यांना दोन-तीन वर्षांत निरोप मिळतो. म्हणून खरा प्रश्न असा की स्कूबल अजून खालच्या डबल-ए पातळीवर खेळत होता, तेव्हाच त्याला ओळखता आलं असतं का? माझं उत्तर ‘बऱ्याच अंशी हो’ असं आहे. त्यासाठी एक प्रश्न सतत हाताशी ठेवावा लागतो: ड्राफ्टच्या दिवशीचा हा पिचर आणि आजचा हा पिचर, यांत बदललं काय? काहीच बदललं नसेल, तर तीस संघांनी त्याला इतक्या उशिरापर्यंत का सोडलं याचं कारण आजही तसंच शिल्लक आहे. खाली जे काही आहे ते या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आहे.

नव्यानं बघणाऱ्यांसाठी रचना थोडक्यात. २०२१ च्या फेररचनेनंतर मेजर लीगच्या तीस संघांशी संलग्न असे १२० मायनर लीग संघ आहेत. प्रत्येकाचे चार, खालून वर: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. त्याखाली ॲरिझोना आणि फ्लोरिडातल्या सरावकेंद्रांवर होणाऱ्या कॉम्प्लेक्स लीग आणि डॉमिनिकन समर लीग. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना हे बघणं फार सोयीचं आहे. न्यू जर्सीत ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्स हा यँकीजचा डबल-ए संघ आहे. डॅलसजवळ फ्रिस्कोत रेंजर्सचा डबल-ए, ह्यूस्टनजवळ शुगर लँडला ॲस्ट्रोजचा ट्रिपल-ए आणि सॅन होजेत जायंट्सचा सिंगल-ए संघ खेळतो. भारतातून बघणाऱ्यांसाठी सामन्यांचं ऑनलाइन प्रक्षेपण आहे, आकडे तर सगळे खुलेच आहेत.

पायरी १: फेरीचा आकडा बाजूला ठेवा, कराराची रक्कम बघा

पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक निवडीला एक ठरावीक रक्कम नेमलेली असते, आणि त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे संघाचा बोनस-निधी. त्यात बचत करायची म्हणून संघ आठव्या, नवव्या, दहाव्या फेरीत कॉलेजच्या शेवटच्या वर्षातले खेळाडू घेतात. अशा खेळाडूकडे घासाघीस करायला दुसरा पर्याय नसतो, तो काही हजार डॉलरवरही सही करतो. वाचलेले पैसे मग अकराव्या फेरीनंतरच्या एखाद्या हायस्कूलच्या पोराकडे वळवले जातात. अकराव्या फेरीपासून पुढे २०२३ पासून दीड लाख डॉलरपर्यंतचा बोनस निधीत मोजला जात नाही, त्यावरचा तेवढा मोजला जातो.

याचा अर्थ सरळ आहे. पाच हजार डॉलरवर सही केलेला नवव्या फेरीचा पिचर आणि चार लाखांवर सही केलेला चौदाव्या फेरीचा पिचर यांत संघाच्या लेखी दुसराच कितीतरी मोठा असतो. स्कूबलला नवव्या फेरीत साडेतीन लाख डॉलर मिळाले होते. म्हणजे डेट्रॉइटला काहीतरी दिसलं होतं. फेरी फक्त रांगेतला क्रमांक सांगते.

इथेच जुन्या यादीबद्दल सावध करतो. जॉन स्मोल्ट्झ बाविसाव्या फेरीतला, १९८५ चा. अँडी पेटिट बाविसाव्या फेरीतला, १९९० चा. मार्क बर्ली अडतिसाव्या फेरीतला, १९९८ चा. ही उदाहरणं वारंवार दिली जातात, पण तेव्हाचा ड्राफ्टच वेगळा होता. पेटिट आणि बर्ली यांना निवडून संघ वर्षभर ज्युनिअर कॉलेजात त्यांच्यावर लक्ष ठेवू शकले आणि मग करार झाला. स्मोल्ट्झ मिशिगन स्टेट विद्यापीठात जाणार म्हणून खाली घसरला होता, गुणवत्तेमुळे नव्हे. २०१२ मध्ये ड्राफ्ट चाळीस फेऱ्यांवर आला, २०२० मध्ये साथीमुळे पाचच फेऱ्या झाल्या, आणि २०२१ पासून वीस आहेत. अडतिसावी फेरी आज अस्तित्वातच नाही. आजच्या हिशेबात तिची जागा ड्राफ्ट न झालेल्या, थेट करार केलेल्या खेळाडूनं घेतली आहे. क्लीव्हलँडचा रिलीव्हर (पहिल्या पिचरनंतर उतरणारा) केड स्मिथ तसा आला: २०२० मध्ये कोणीच निवडला नाही, वीस हजार डॉलरवर सही केली, आणि २०२४ मध्ये पहिल्याच वर्षी लीगमधल्या सर्वोत्तम रिलीव्हरांत गणला गेला.

पायरी २: तो खाली का घसरला ते शोधा

प्रत्येक उशिरा निवडलेल्या पिचरमागे एक कारण असतं. काही कारणं काळाबरोबर निघून जातात, काही चिकटून राहतात. ती वेगळी करता आली की निम्मं काम झालं.

निघून जाणाऱ्यांत पहिली दुखापत. ब्रायन वू कॅल पॉलीकडून खेळायचा, कॉलेजातला त्याचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, त्याच्यामुळे गेलेल्या धावा; जितका कमी तितका चांगला) सहाच्या वर होता, आणि २०२१ च्या ड्राफ्टआधी त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (फाटलेला अस्थिबंध बदलण्याची) झाली. सिएटल मरिनर्सनं तरी सहाव्या फेरीत घेतला. दोन वर्षांत, जून २०२३ मध्ये, तो मेजर लीगमध्ये होता आणि २०२५ मध्ये निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात गेला. स्कूबलचीही कॉलेजात हीच शस्त्रक्रिया झालेली. परतल्यावर त्याचा नेम गेला होता, वॉक (चार चुकीचे चेंडू टाकून बॅटरला फुकट बेस देणं) भरमसाट होते, म्हणून तो घसरला. शस्त्रक्रियेनंतर हाताचा वेग आधी परततो आणि नेम मागाहून येतो, हे माहीत असलेल्याला तेच वॉक वेगळे दिसतात. एक मर्यादा मात्र पाळा: एकाच कोपरावर दुसऱ्यांदा तीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आशा बरीच खाली आणा.

दुसरं कारण म्हणजे पिचिंगचा अनुभवच कमी असणं. डिग्रॉम स्टेटसन विद्यापीठात शॉर्टस्टॉप या जागेचा क्षेत्ररक्षक होता, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी पिचिंगकडे वळला. हात ताजा, क्षेत्ररक्षकाची चपळाई, आणि शिकायला सगळंच बाकी. निवडल्यावर काही महिन्यांतच त्याच्याही कोपरावर शस्त्रक्रिया झाली. फ्लोरिडात पोर्ट सेंट लूसीला तो सावरत असताना मेट्सचा अनुभवी पिचर योहान सँटानाही तिथेच दुखापतीतून परतत होता, आणि चेंजअप या मुद्दाम संथ टाकलेल्या चेंडूची पकड डिग्रॉमनं त्याच्याकडून घेतली.

तिसरं कारण लहान कॉलेज. पिचर जो रायन नॉर्थरिज विद्यापीठ सोडून कॅल स्टेट स्टॅनिस्लॉस या दुसऱ्या श्रेणीच्या कॉलेजात गेला आणि २०१८ मध्ये टँपा बे रेजनं त्याला सातव्या फेरीत उचलला. तिथले बॅटर कच्चे, म्हणून आकड्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही. ते रास्तच आहे, पण चेंडूचा आकार कॉलेजच्या श्रेणीवर ठरत नाही. त्याकडे पाचव्या पायरीत येतो.

चिकटून राहणारी कारणं अशी: चार वर्षं मोठ्या कॉलेजात खेळूनही वेग ताशी ८८-८९ मैलांवरच राहिलेला. दर वर्षी वॉक जास्त आणि दुखापतीचं निमित्तही नाही. एकच चांगला चेंडू आणि दुसरा शिकण्याचे फसलेले प्रयत्न. काइल हेंड्रिक्स आठव्या फेरीतून येऊन ८८ मैलांच्या आसपासच्या फास्टबॉलवर २०१६ मध्ये २.१३ ईआरएसह मेजर लीगमध्ये पहिला आला, हे खरं. पण त्याचा चेंजअप आणि कोपऱ्यावरचा नेम विरळा होता. प्रत्येक संथ पिचरला हेंड्रिक्सच्या नावानं पास करू नका.

पायरी ३: काय बदललं?

ड्राफ्टच्या वेळचं वर्णन शोधा. वेग किती लिहिलाय, कोणते चेंडू, कुठल्या कमतरता. मग आजचं वर्णन शेजारी ठेवा. हे दोन रकान्यांत कागदावर लिहून काढावं असं मी आग्रहानं सांगेन, कारण डोक्यात ठेवलं की आपण आवडत्या पोराला सवलत देतो.

सर्वांत वजनदार बदल म्हणजे वेग. टॅनर बायबी कॅल स्टेट फुलर्टनचा, क्लीव्हलँडनं २०२१ मध्ये पाचव्या फेरीत घेतला. कॉलेजात तो नेमाचा, मध्यम वेगाचा पिचर होता. संघात आल्यावर वेग बराच वाढला, आणि नेम तसाच राहिला. हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं. वेग वाढताना नेम जातो की टिकतो, यावर सगळं अवलंबून असतं. बायबी २०२३ मध्ये अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात दुसरा आला.

वेगाची वाढ बघताना सरासरी बघा, कमाल नाही. ‘९७ ला पोचला’ हे वाक्य प्रत्येक वृत्तांतात असतं. पाचव्या इनिंगमध्ये त्याचा फास्टबॉल किती होता हे क्वचितच असतं. स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) म्हणून ९३ टाकणारा रिलीव्हर झाला की ९५-९६ टाकतो. ती भूमिकेची वाढ, हाताची नाही. दोन्ही चांगल्याच, पण एकीला दुसरी समजू नका.

नंतर येतो नवा चेंडू. गेल्या काही वर्षांत आडवा वळणारा स्वीपर जवळपास प्रत्येक संघात शिकवला जातो. त्यामुळे ‘स्वीपर शिकला’ एवढ्यानं आज काही सिद्ध होत नाही. डावखुऱ्या पिचरनं उजव्या बॅटरविरुद्ध आणि उजव्यानं डावऱ्याविरुद्ध काय टाकायचं याचं उत्तर देणारा चेंडू आलाय का, ते बघा. चेंजअप, कटर (शेवटी किंचित आडवा सरकणारा फास्टबॉल) किंवा अलीकडे फोफावलेला स्प्लिटर (बॅटरजवळ अचानक खाली पडणारा). उशिरा निवडलेल्या पिचरांमध्ये हीच उणीव सर्वाधिक असते, आणि ती भरली गेली की माझी अपेक्षा झटकन वाढते.

पायरी ४: आकडे कसे वाचायचे

ईआरए सर्वांत शेवटी बघा. खालच्या पातळ्यांवर क्षेत्ररक्षण कच्चं, मैदानं चित्रविचित्र, आणि इनिंग कमी. डिग्रॉम २०१३ मध्ये लास व्हेगासला ट्रिपल-ए खेळला तेव्हा त्याचा ईआरए साडेचारच्या आसपास होता. पॅसिफिक कोस्ट लीगमधल्या विरळ, कोरड्या हवेत चेंडू लांब जातो आणि वळतो कमी. वर्षभरानं तोच नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. पाटा खेळपट्टीवरचे तीन बळी हिरव्या खेळपट्टीवरच्या पाचांपेक्षा मोलाचे असू शकतात, हे रणजी बघणाऱ्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. इथेही अल्बुकर्की, रेनो, अमरिलो ही उंचावरच्या गावांची नावं दिसली की ईआरए आणि होमर (थेट सीमेपार गेलेले फटके) दोन्हींना सवलत द्या.

त्याऐवजी एकूण बॅटरांपैकी किती टक्क्यांना स्ट्राइकआउट केलं (तीन स्ट्राइकवर बाद केलं) आणि किती टक्क्यांना वॉक दिला, हे काढा. दर नऊ इनिंगमागचा आकडा टाळा. जो पिचर जास्त बॅटर बेसवर चढवतो त्याला जास्त बॅटर मिळतात आणि तो आकडा फुगतो. या दोन टक्केवारींमधला फरक हा माझ्या मते खालच्या पातळीवरचा सर्वांत प्रामाणिक आकडा आहे. मेजर लीगमध्ये तो सरासरी चौदाच्या आसपास असतो. डबल-एमधल्या स्टार्टरचा वीसच्या वर दिसला की मी थांबून बघतो.

दोन काल्पनिक पिचर घेऊन करून बघू. दोघंही २३ वर्षांचे, दोघंही हाय-एमध्ये.

पहिला रिलीव्हर: ३१ इनिंग, १२८ बॅटर, ४४ स्ट्राइकआउट, १७ वॉक, ईआरए ४.३५.
दुसरा स्टार्टर: ९६ इनिंग, ३९२ बॅटर, ८८ स्ट्राइकआउट, २४ वॉक, ईआरए २.६३.

ईआरए बघून कोणीही दुसऱ्याला निवडेल. टक्के काढा. पहिला ३४.४ उणे १३.३, म्हणजे २१.१. दुसरा २२.४ उणे ६.१, म्हणजे १६.३. आता नमुना किती मोठा ते तपासा. स्ट्राइकआउटचा दर साधारण ७० बॅटरांनंतर अर्थपूर्ण व्हायला लागतो, वॉकचा १७० च्या आसपास. म्हणजे पहिल्याचे स्ट्राइकआउट खरे मानता येतील, पण त्याचे वॉक अजून इकडे किंवा तिकडे जाऊ शकतात. मग तिसऱ्या पायरीचा रकाना उघडा. समजा पहिला कॉलेजात ९० टाकायचा आणि आता सरासरी ९६ टाकतो, आणि दुसरा ड्राफ्टच्या दिवशी ९० टाकायचा आणि आजही ९० च टाकतो. मी पहिल्याला निवडेन, रिलीव्हर म्हणून. दुसरा डबल-एमध्ये गेल्यावर काय होतं ते बघेपर्यंत मत राखून ठेवेन. तिथले बॅटर ९० च्या सिंकरवर (खाली जाणाऱ्या फास्टबॉलवर) नुसतं ग्राउंडर (जमिनीलगतचा फटका) मारून परतत नाहीत.

वय विसरू नका. सिंगल-एमध्ये साधारण २१, हाय-एमध्ये २२-२३, डबल-एमध्ये २४ च्या आसपास, असं धरा. कॉलेजमधून आलेला २४ वर्षांचा पिचर सिंगल-एमध्ये पोरांना झोपवत असेल तर ती बातमी नाही. दुखापतीमुळे वर्ष गेलं असेल तर वयाला थोडी ढील द्या, पण थोडीच.

आणखी एक इशारा वॉकच्या बाबतीत. कमी वॉक म्हणजे नेम, असं आपण धरतो. झेबी मॅथ्यूज, वेस्टर्न कॅरोलायनाचा, मिनेसोटा ट्विन्सनं २०२२ मध्ये आठव्या फेरीत घेतलेला. २०२४ मध्ये हाय-एपासून ट्रिपल-एपर्यंत चढताना त्यानं शंभराच्या वर स्ट्राइकआउट केले आणि वॉक दिले फक्त सात. वेगही वाढलेला होता. ऑगस्टमध्ये मेजर लीगमध्ये आला आणि तिथे त्याच्यावर होमरमागून होमर बसले, ईआरए साडेसहाच्या वर गेला. स्ट्राइक टाकता येणं आणि स्ट्राइकच्या चौकटीत कुठे टाकायचं हे जमणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खालच्या पातळीवरचे बॅटर मधोमध आलेला ९५ चुकवतात, वरचे चुकवत नाहीत. मॅथ्यूज वाया गेला असं मी म्हणत नाही. त्याच्यासारख्यांचा आकडा बघून घाई करू नका, एवढंच.

लीगमधल्या प्रयोगांचीही नोंद ठेवा. २०२३ च्या पहिल्या सहामाहीत डबल-एच्या सदर्न लीगमध्ये आधीच चिकट लेप दिलेला चेंडू वापरला गेला, आणि तिथले स्ट्राइकआउट फुगले. त्याच वर्षापासून ट्रिपल-एमध्ये सर्वत्र यंत्रानं स्ट्राइक ठरवण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि तिथे वॉक वाढले. शिवाय २०१९ पासून ट्रिपल-एमध्ये मेजर लीगचाच चेंडू वापरतात, डबल-ए आणि खाली वेगळा, किंचित उंच शिवणीचा. डबल-एमधला झकास स्लायडर (वेगात वळणारा चेंडू) ट्रिपल-एमध्ये गेल्यावर महिनाभर हरवतो, त्यामागे कधीकधी एवढंच असतं.

पायरी ५: चेंडूचा आकार

वेगाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे फास्टबॉल कुठून निघतो आणि बॅटरला कसा दिसतो. उलट्या फिरकीमुळे चांगला फास्टबॉल अपेक्षेपेक्षा कमी पडतो, त्याला राइड म्हणतात. मेजर लीगमध्ये सरासरी सोळा इंचांच्या आसपास, अठराच्या वर असेल तर उत्तम. पण हाच आकडा हात किती उंचीवरून येतो त्यासोबत वाचायचा. उंच हातानं अठरा इंच मिळवणं सामान्य आहे. खालून, आडव्या हातानं तितकीच राइड मिळाली की चेंडू चपटा येतो आणि बॅटर त्याच्या खालून बॅट फिरवतो.

जो रायनचं गुपित हेच होतं. त्याचा फास्टबॉल ९२ मैलांच्या घरात, कोणाचे डोळे विस्फारणारा नव्हता. पण चेंडू सुटायची जागा खाली, येण्याचा कोन सपाट, आणि तो चौकटीच्या वरच्या भागात टाकायचा. मायनर लीगमधले बॅटर सतत त्याच्या खालून फिरत राहिले. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकसाठी तो अमेरिकेच्या संघात असतानाच रेजनी नेल्सन क्रूझच्या बदल्यात त्याला ट्विन्सकडे दिला, आणि सप्टेंबरात तो मेजर लीगमध्ये उतरला.

हा डेटा सगळ्यांना खुला कुठे मिळतो? ट्रिपल-एमध्ये २०२३ पासून सगळ्या मैदानांवरचा, आणि सिंगल-एमध्ये फ्लोरिडा स्टेट लीगचा. डबल-ए आणि हाय-एचा लोकांसाठी खुला नाही. त्यामुळे निर्णय घ्यायच्या नेमक्या पातळीवर आपल्याकडे यंत्र नसतं, डोळेच वापरावे लागतात. डबल-एमध्ये मला तरी ते जास्त आवडतं.

पायरी ६: मैदानावर काय बघायचं

होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे, थोडं वर बसा. रडार घेऊन बसलेले स्काउट तिथेच दिसतील, त्यांच्या जवळची जागा मिळाली तर उत्तम. बऱ्याच मैदानांत फलकावर वेग दिसतो. वहीत प्रत्येक चेंडूला एक ओळ: बॅटर डावा की उजवा, बॉल-स्ट्राइकची मोजणी काय होती, कोणता चेंडू, वेग, कॅचरनं मिट (हातमोजा) कुठे धरलं होतं आणि चेंडू कुठे आला, निकाल.

मिट कुठे होतं हा रकाना सर्वांत जास्त शिकवतो. कॅचर बाहेरच्या खालच्या कोपऱ्यावर मिट धरतो, चेंडू आतल्या वरच्या बाजूला येतो, बॅटर चुकतो आणि मैदान टाळ्या वाजवतं. आकड्यांत तो स्ट्राइकआउट आहे. वहीत तो चुकलेला चेंडू आहे. अशा ओळी एका इनिंगमध्ये तीन-चार दिसल्या की मी कमी वॉकवर विसंबत नाही.

मग बॅटरांचे फाउल बघा. उजव्या बॅटरचे फाउल उजवीकडच्या प्रेक्षकांत जात असतील तर तो उशिरा पोचतोय, वेग खरा वाटतोय. डावीकडे जोरात ओढलेले फाउल येत असतील तर फलकावर ९५ असूनही बॅटरला चेंडू नीट दिसतोय. माणसं बेसवर असताना, छोट्या हालचालीतून टाकताना वेग दोन मैलांनी घसरतो का? दुसऱ्यांदा तीच फळी समोर आली तेव्हा पहिला चेंडू बदलला का, की पुन्हा फास्टबॉलच? २-० मोजणीवर त्याला चेंजअप टाकायचं धाडस आहे का?

२०२१ पासून मायनर लीगमध्ये मंगळवार ते रविवार एकाच संघाविरुद्ध सहा सामने असतात, सोमवारी सुट्टी. काही वेळा मंगळवारचा स्टार्टर रविवारी पुन्हा त्याच फळीसमोर येतो. त्या दोन सामन्यांची तिकिटं काढा. पहिल्यांदा चकवलेल्या बॅटरांनी पाच दिवसांत काय शिकलं आणि त्यावर पिचरनं काय बदललं, हे एका आठवड्यात दिसतं. एका सामन्यावरून मात्र कोणालाही कायमचा शिक्का मारू नका.

पायरी ७: स्टार्टर की रिलीव्हर

उशिरा निवडलेल्यांचा मेजर लीगकडे जाणारा मुख्य रस्ता बुलपेनमधून, म्हणजे रिलीव्हरांच्या ताफ्यातून, जातो, आणि त्यात कमीपणा नाही. जॉश हेडर २०१२ चा एकोणिसाव्या फेरीतला, हायस्कूलमधून आलेला. आधी स्टार्टर होता, दोनदा संघ बदलला, आणि रिलीव्हर झाल्यावर लीगमधला सर्वांत भीतिदायक डावखुरा ठरला. तीन वापरण्याजोगे चेंडू, दोन्ही हातांच्या बॅटरांना उत्तर, आणि पाचव्या इनिंगपर्यंत टिकणारा वेग असेल तरच स्टार्टर म्हणा. दोनच चेंडू असतील पण त्यांतला एक खरोखर वेगळा असेल, तर रिलीव्हर म्हणून त्याची संधी स्टार्टर म्हणून धडपडण्यापेक्षा मोठी असते.

पायरी ८: संघ आणि दिनदर्शिका

क्लीव्हलँड, टँपा बे, सिएटल, लॉस एंजेलिस डॉजर्स, मिलवॉकी यांसारख्या संघांनी मागच्या फेऱ्यांतून पिचर घडवून दाखवलेत. तिथल्या बाराव्या फेरीच्या पोराला मी इतर ठिकाणच्यापेक्षा एक पायरी जास्त देतो. उलट, आता वेळ कमी मिळतो. २०२४ पासून अमेरिकेतल्या मायनर लीग खेळाडूंची मर्यादा प्रत्येक संघाला १८० वरून १६५ वर आणली गेली. पाच हजारांवर सही केलेल्या पिचरला दोन वाईट महिने पुरतात, चार लाखवाल्याला दोन वाईट वर्षं मिळतात. म्हणून यादी करताना पैशाचा रकाना पुन्हा उघडा.

मग रूल ५ ड्राफ्ट. १९ किंवा अधिक वयात सही केलेल्या खेळाडूला चौथ्या हंगामानंतर, आणि १८ किंवा कमी वयात सही केलेल्याला पाचव्यानंतर, चाळीस जणांच्या यादीत घेऊन संरक्षण द्यावं लागतं. नाहीतर डिसेंबरात दुसरा संघ एक लाख डॉलर देऊन त्याला नेऊ शकतो. नेणाऱ्यानं त्याला पूर्ण हंगाम मेजर लीगच्या संघात ठेवायचं, नाहीतर परत देऊ करायचं. २०२३ मध्ये कॉलेजातून आलेले डिसेंबर २०२६ मध्ये या कक्षेत येतात. गॅरेट व्हिटलॉक यँकीजनी २०१७ मध्ये अठराव्या फेरीत घेतलेला, २०१९ मध्ये टॉमी जॉन झालेला. संरक्षण मिळालं नाही, डिसेंबर २०२० मध्ये बॉस्टन रेड सॉक्सनी नेला, आणि २०२१ मध्ये त्यानं तिथे १.९६ ईआरएनं ७३ इनिंग टाकल्या. ज्यांनी त्याच्या दुखापतीआधीचे आकडे आणि चेंडू लक्षात ठेवले होते, त्यांना हे नाव आधीच माहीत होतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर संरक्षित खेळाडूंची यादी जाहीर होते, तेव्हा तुमची वही शेजारी ठेवा. ज्या उशिरा निवडलेल्या पिचरला त्याच्या संघानं जागा दिली, त्याच्याबद्दल संघाला आतून काय दिसतंय ते कळतं. ज्याला दिली नाही पण तुमच्या दोन रकान्यांत खरा बदल लिहिलेला आहे, त्याचं नाव अधोरेखित करा आणि एप्रिलमध्ये त्याचा पहिला महिना कुठल्या पातळीवर, कुठल्या भूमिकेत आणि किती वेगानं सुरू होतो, तिथून पुन्हा तिसऱ्या पायरीपासून तपासा.